इंग्लिश घराण्याचा माग: कोणता कागद आधी, कोणता नंतर

सून किंवा जावई इंग्लंडचा असतो, नातवंडं तिकडेच वाढत असतात, आणि घरातलं कुणीतरी त्यांच्या इंग्लिश बाजूची वंशावळ करायला घेतं. किंवा खडकी-देवळालीकडच्या जुन्या कबरीवरचं नाव वाचून त्या माणसाचं मूळ गाव शोधायचं असतं. दोन्ही वेळा सुरुवात बहुधा एकाच चुकीने होते. वेबसाइटवर आडनाव टाकायचं, सतराव्या शतकातला त्याच आडनावाचा एखादा जमीनदार सापडला की त्याला मूळ पुरुष मानायचं आणि तिथून खाली यायचं.

आपल्याला ही सवय कुलवृत्तांतांनी लावली आहे. आपल्याकडे गोत्र, कुलदैवत, मूळ गाव यांचा आधार असतो, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. त्यामुळे वरून खाली येणं काही प्रमाणात जमतं. इंग्लंडमध्ये यातलं काहीच नाही. टेलर, स्मिथ, कुक ही धंद्यांवरून पडलेली आडनावं गावोगावी स्वतंत्रपणे रुजली. शेजारशेजारच्या दोन गावांतले टेलर एकमेकांचे कुणीही नसतील.

म्हणून शोध जिवंत माणसापासून मागे न्यायचा, एका वेळी एकच पिढी. आणि प्रत्येक कागद हातात घेताना विचारायचं: हा कुणी केला, कशासाठी केला? चर्चने संस्कारांची नोंद ठेवली, गावाने गरिबांचा खर्च टाळण्यासाठी कागद केले, सरकारने माणसं मोजण्यासाठी. समाज बदलला तसा कागद करणारा बदलत गेला. हे ध्यानात न घेणारे लोक चुकीच्या शतकात चुकीचा कागद शोधत बसतात.

तयारी: संगणक उघडण्याआधी

एक वही किंवा एक्सेलचा तक्ता करा. प्रत्येक व्यक्तीसाठी नाव, जन्म, लग्न, मृत्यू, ठिकाण असे रकाने, आणि शेवटी एक रकाना ‘कशावरून’. हा शेवटचा रकाना रिकामा असेल, तर ती माहिती अजून सिद्ध झालेली नाही. वेगळ्या रंगात ठेवा.

ठिकाणांसाठी जुना नकाशा लागतो. 1974 मध्ये काउंट्यांच्या सीमा मोठ्या प्रमाणावर बदलल्या. शिवाय पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला प्रदेश आणि सरकारी नोंदणी जिल्हा, हे दोन वेगळे हिशेब आहेत. एका नोंदणी जिल्ह्यात अनेक पॅरिश येतात, कधी दोन काउंट्यांमधले.

आडनावाच्या सगळ्या संभाव्य स्पेलिंगची यादी करून ठेवा. बहुतेकांना सही करता येत नव्हती आणि लिहिणारा कानावर पडेल तसं लिहायचा. इंग्लंडच्या कितीतरी बोलींमध्ये सुरुवातीचा ‘ह’ गळतो, त्यामुळे हॅरिस शोधताना ॲरिसही पाहावं लागतं.

पैसे भरून वर्गणी घ्यायची घाई नको. फ्रीबीएमडी (सरकारी जन्म-विवाह-मृत्यूच्या सूची), फ्रीरेग (चर्चच्या वह्यांतल्या नोंदी) आणि फॅमिलीसर्च या साइट्स फुकट आहेत. ॲन्सेस्ट्री, फाइंडमायपास्टसारख्या साइट्स इंग्लंडमधल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत विनामूल्य बघायला मिळतात. तिकडे नातेवाईक असतील तर त्यांना सांगा.

सावधान: आडनावाचं ‘घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चौकटी घेऊ नका. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला मिळत नाही.

टप्पा 1: घरातली माणसं आणि घरातले कागद

हयात असलेल्या सर्वांत वयस्कर नातेवाइकाकडून सुरुवात करा. बायकांची माहेरची आडनावं, कोण कोणत्या शहरातून कुठे आलं, युद्धात कोण गेलं, कुणाचं दुसरं लग्न झालं, हे विचारून घ्या. फॅमिली बायबलच्या पहिल्या पानावर जन्म-मृत्यू लिहिण्याची पद्धत होती. ते पान मिळालं तर शाईकडे बघा. सगळ्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या असतील तर त्या मागाहून आठवून लिहिलेल्या आहेत.

हयात व्यक्तींची नावं आणि जन्मतारखा सार्वजनिक वंशावळीत टाकू नका. ज्यांची माहिती आहे त्यांची परवानगी लागते, आणि तुम्ही घरात सासरे किंवा मामा असलात तरी ती विचारायलाच हवी.

टप्पा 2: 1837 नंतरचे दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. स्कॉटलंड आणि आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिथली माणसं या नोंदणीच्या इंडेक्समध्ये, म्हणजे नावांच्या सूचीत, सापडणार नाहीत.

क्रम असा ठेवा. आधी जन्मदाखला, त्यावरून आईबापांची नावं आणि आईचं माहेरचं आडनाव. मग त्या दोघांचं लग्न. त्या लग्नाच्या दाखल्यावरून दोघांचे वडील. मग दोघांचे जन्म. असं जन्म–लग्न–जन्म करत मागे जायचं. मृत्यूचा दाखला त्या काळात आईबापांची नावं देत नाही. तो पडताळणीसाठी ठेवा.

इंडेक्स 1983 पर्यंत तिमाहीवार आहे: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. ही तिमाही नोंदणीची असते, जन्माची नसते. जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत होती, म्हणून नोव्हेंबरअखेर जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत निघू शकतं. ‘त्या वर्षी नोंदच नाही’ असं म्हणून परत फिरणारे लोक बहुतेक इथेच परततात.

जन्मांसाठी जनरल रजिस्टर ऑफिसचा, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयाचा, स्वतःचा ऑनलाइन इंडेक्स वापरा. जुन्या छापील इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासून आहे. या नव्या इंडेक्समध्ये ते 1837 पर्यंत मागे मिळतं, शिवाय मृत्यूच्या नोंदीत वयही. एका जोडप्याची सगळी मुलं एका बैठकीत गोळा करता येतात, लहानपणी गेलेलीही. आईच्या आडनावाच्या जागी नुसती रेघ असेल, तर मूल बहुधा विवाहाबाहेरचं आहे. विवाहांसाठी मात्र फ्रीबीएमडी लागतं. 1912 पूर्वी विवाहाच्या इंडेक्समध्ये जोडीदाराचं आडनाव नाही. नवरा आणि बायको दोघांच्या नोंदींवर तोच जिल्हा, तोच खंड आणि तोच पृष्ठ क्रमांक आला, तरच पुढे जा.

आता विवाहाचा दाखला. सगळ्या कागदांत सर्वांत जास्त माहिती याच्यावर असते आणि सर्वांत कमी नीट वाचला जातो तोही हाच.

वयाच्या रकान्यात आकडा नसून ‘फुल एज’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ 21 किंवा जास्त, एवढाच. ती व्यक्ती 21 ची असेल किंवा 50 ची. दोघांचा पत्ता एकच दिसला म्हणून ती आधीपासून एकत्र राहत होती असं ठरवू नका. एकाच पॅरिशचा पत्ता दिला की लग्नाआधी चर्चमध्ये होणारा जाहीर पुकारा दोन ठिकाणी करावा लागत नसे आणि खर्च वाचे. वडिलांच्या नावापुढे ‘मृत’ लिहिलेलं असेल तर ते खरं धरा. लिहिलेलं नसेल तर वडील जिवंत होते असं धरू नका, कारण पाद्री नेहमी विचारतच असे असं नाही. अनौरस माणूस कधी वडिलांचा रकाना रिकामा ठेवायचा, कधी आजोबांचं नाव द्यायचा, कधी मनाने एक नाव सांगायचा. चर्चमध्ये सगळ्यांदेखत बापाचं नाव नाही म्हणणं सोपं नव्हतं. शेवटी साक्षीदार. दोन सह्यांपैकी एक अनेकदा भावाची, बहिणीची किंवा मेव्हण्याची असते. तेच नाव दुसऱ्या लग्नात साक्षीदार म्हणून दिसलं की नातं जुळतं. आईचं नाव मात्र या दाखल्यावर मे 2021 पर्यंत नव्हतं.

तपासणी: एखाद्याचा घटस्फोट झाला असेल असं वाटतंय? 1858 पूर्वी पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा खास कायदा लागायचा, म्हणजे तो श्रीमंतांपुरता. त्यानंतरही कित्येक दशकं तो सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहिला. विभक्त झालेले लोक दुसऱ्या शहरात जाऊन ‘विधुर’ किंवा ‘विधवा’ म्हणून पुन्हा लग्न करत, किंवा लग्नाशिवाय जोडीदाराचं आडनाव लावून राहत. विवाहनोंद सापडत नसेल तर ही शक्यता ठेवा. आणि 1927 पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तक नव्हतंच, त्याआधीच्या दत्तकाचा कागद शोधू नका.

टप्पा 3: शिरगणती

दाखल्यांनी सांगाडा मिळतो, शिरगणतीने घर दिसतं. दर दहा वर्षांनी होणाऱ्या या गणतीत देशभरातली नावं 1841 पासून पद्धतशीर मिळतात. 100 वर्षं ती गुप्त ठेवतात, म्हणून सध्या 1921 पर्यंतची खुली आहे. 1931 ची कागदपत्रं 1942 मध्ये आगीत जळाली, 1941 ची झालीच नाही. ती पोकळी 29 सप्टेंबर 1939 च्या राष्ट्रीय नोंदवहीने काहीशी भरते. त्या वहीत मुलींची नंतरची सासरची आडनावंही बाजूला भरत गेले आहेत, म्हणून मुलींचा माग काढायला ती फार उपयोगी पडते.

1921 पासून मागे 1841 पर्यंत एकही वर्ष न गाळता तेच कुटुंब शोधा.

1851 पासून प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माची पॅरिश दिलेली आहे. शेतजमिनींना कुंपणं पडली, गावात काम उरलं नाही, सफकचा शेतमजूर रेल्वेवर किंवा लँकेशरच्या गिरणीत गेला, तर त्याचं मूळ गाव याच रकान्यात सापडतं. पण एका वर्षीच्या उत्तरावर विसंबू नका. मँचेस्टरमध्ये विचारणाऱ्याला माणूस कधी खरं खेडं सांगायचा, कधी जवळचं बाजाराचं गाव. तीन-चार गणत्यांतली उत्तरं शेजारी मांडून नकाशावर बघा.

1841 ची गणती वेगळ्या नियमांची. 15 वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, त्यामुळे 39 वर्षांचा माणूस 35 चा दिसतो. नाती दिलेली नाहीत. एका घरात राहणारे पुरुष, बाई आणि मुलं हे नवरा-बायको आणि त्यांची मुलं असतीलच असं नाही, भाऊ-बहीण आणि भाचरंही असतील.

सावधान: जुन्या गणत्यांमध्ये सावत्र मुलालाही ‘सन-इन-लॉ’ म्हणत. सहा वर्षांचा ‘जावई’ दिसला तर तो बहुधा बायकोच्या पहिल्या लग्नाचा मुलगा आहे. त्याचं आडनाव टिपून घ्या, पहिल्या नवऱ्याचा शोध तिथून लागतो.

1911 च्या अर्जात विवाहित बाईला किती मुलं झाली, किती हयात, किती गेली हे विचारलं आहे. तो आकडा तुमच्या यादीशी जुळवा. पाच झाली म्हणते आणि तुमच्याकडे चारच आहेत, तर पाचवं शोधल्याशिवाय पुढे सरकू नका.

टप्पा 4: 1837 च्या अलीकडून पलीकडे

बहुतेक वंशावळी इथे चुकतात. कारण साधं आहे: 1837 नंतरचा विवाहदाखला वडिलांचं नाव देतो, त्याआधीची चर्चची विवाहनोंद देत नाही. म्हणजे जोडणारा दुवाच गेला. अशा वेळी लोक जवळच्या चर्चमध्ये त्याच नावाचा, साधारण त्याच वयाचा बाप्तिस्मा शोधतात आणि तो आपला म्हणतात.

चर्चच्या वह्या ठेवण्याचा हुकूम 1538 चा. प्रत्यक्षात तिथपर्यंत फार थोड्या पॅरिशच्या वह्या टिकल्या, आणि 1640 च्या दशकातल्या यादवीपासून 1660 पर्यंत अनेक ठिकाणी खंड आहे. वही फाटली किंवा हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला बघा. त्या काउंटीच्या अभिलेखागारात असतात.

उलट्या क्रमाने बघता कोणत्या काळात काय मिळतं ते ओळखून ठेवा. 1813 पासून छापील नमुना आहे, बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनात वय. 1754 पासून विवाहाची वेगळी वही, तिच्यात सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार. त्याआधी बऱ्याच ठिकाणी एका ओळीत दोन नावं, संपलं. यॉर्क धर्मप्रांतात मात्र अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या काही वह्यांत आजी-आजोबांपर्यंत नावं आहेत. तुमचं कुटुंब तिथलं निघालं तर नशीब समजा.

1754 ते 1837 या काळात क्वेकर (एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायदेशीर लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच करावं लागे. त्यामुळे कॅथलिक किंवा बॅप्टिस्ट घराण्याचं लग्नही त्याच वहीत शोधा. मुलांचे बाप्तिस्मे मात्र त्यांच्या स्वतःच्या चॅपलमध्ये असतील.

आता निवड. समजा 1851 च्या गणतीवरून विल्यम कुकचा जन्म 1802 च्या सुमारास एका खेड्यात झाला असं दिसतं. त्या पॅरिशमध्ये आणि भोवतालच्या आठ-दहा मैलांतल्या पॅरिशमध्ये 1797 ते 1807 दरम्यानचे सगळे विल्यम कुक काढा. तीन निघाले असं धरू. आता प्रत्येकाचं दफन शोधा. एक दोन वर्षांचा असताना गेला असेल, तो बाद. दुसरा त्याच गावात मोठा होऊन वेगळ्या बाईशी लग्न केलेला 1851 च्या गणतीत दिसत असेल, तोही बाद. तिसऱ्याच्या आईबापांची नावं आणि तुमच्या विल्यमच्या थोरल्या मुलांची नावं जुळतात का? बापाचा धंदा तोच आहे का? विल्यमच्या लग्नाच्या साक्षीदारांत तिसऱ्याच्या भावंडांपैकी कुणी आहे का? स्वतंत्र अशा दोन पुराव्यांनी उत्तर हो आलं, तरच तक्त्यात नाव भरा. उमेदवारांचं दफन न तपासता बाप्तिस्मा जोडला, तर लहानपणीच गेलेल्या मुलाला तुम्ही सहा मुलांचा बाप करून बसाल. ऑनलाइन वंशावळींमध्ये अशी उदाहरणं भरपूर आहेत.

सावधान: एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायची पद्धत होती. दोन जॉन सापडले तर पहिला गेला असेल. तसंच बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी होऊ शकतो.

तारखांची अडचण: 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. वहीत 10 फेब्रुवारी 1720 लिहिलं असेल तर आजच्या हिशेबाने ते 1721. तक्त्यात ‘1720/21’ असंच लिहा. नाहीतर एप्रिल 1720 मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1720 मध्ये मूल असं दिसून एका चांगल्या जोडप्यावर तुम्ही नसता आरोप कराल. क्वेकर लोक महिन्यांना क्रमांक देत, आणि 1752 पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

टप्पा 5: माग तुटला तर गरिबीचे कागद बघा

श्रीमंतांनी मृत्युपत्रं ठेवली. 12 जानेवारी 1858 पूर्वी ती चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, मोठ्या मालमत्तेची बहुतेक कँटरबरीच्या न्यायालयात, आणि ती आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. 1882 च्या कायद्यापूर्वी विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता जवळपास नव्हतीच, म्हणून त्याआधीची बायकांची मृत्युपत्रं बहुतेक विधवांची आणि अविवाहितांची सापडतात.

पण गरिबांबद्दल कागद नाहीत ही समजूत चुकीची आहे. 1662 च्या कायद्याने गरिबाला मदत देण्याची जबाबदारी ज्या पॅरिशमध्ये त्याचा हक्क असेल तिच्यावर टाकली. कुणी मदत मागायला आला की अधिकारी त्याला शपथेवर विचारत: जन्म कुठे, कुणाकडे शिकाऊ होता, वर्षभर सलग चाकरी कुठे केली, लग्न कुठे, मुलं किती. दुसऱ्या गावावर ढकलता यावं म्हणून ही चौकशी होई. हेतू निष्ठुर होता, पण त्यातून एका निरक्षर मजुराचं अख्खं आयुष्य एका पानावर उतरलेलं आहे. असं पान हाती आलं तर ते दोनदा वाचा आणि त्यातलं प्रत्येक गाव नकाशावर ठेवा. हे कागद काउंटीच्या अभिलेखागारात, पॅरिशच्या संग्रहात शोधायचे. ऑनलाइन सगळे नाहीत, अभिलेखागाराला ईमेल करावा लागतो. 1834 नंतर कारभार अनेक पॅरिश मिळून केलेल्या ‘युनियन’कडे आणि तिच्या वर्कहाउसकडे (गरिबांना ठेवून काम करवण्याच्या घराकडे) गेला, तेव्हापासून पॅरिशऐवजी युनियनच्या नावाने शोधा.

अनौरस मुलाच्या बापाचं नावही पॅरिशच्या याच कागदांत निघतं. मूल गावाच्या खर्चावर पडू नये म्हणून अधिकारी बाईला बापाचं नाव सांगायला लावत आणि त्याच्याकडून खर्चाचा करारनामा लिहून घेत. बाप्तिस्म्याच्या वहीत बाप नसला तरी इथे असू शकतो. मुलाला मधलं नाव म्हणून एखादं आडनाव दिलेलं असेल, तर तोही धागा धरा.

टप्पा 6: धागा भारतात येत असेल तर

मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह, दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात ‘एन/3’ या मालिकेत आहेत, मद्रासच्या ‘एन/2’ मध्ये. कामठीच्या छावणीत मद्रासचं सैन्य असे, म्हणून नागपूरकडची नोंद मुंबईच्या मालिकेत मिळाली नाही तर मद्रासची बघा. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा डेटाबेस विनामूल्य शोधता येतो. शोधताना खडकीसाठी ‘किर्की’, पुण्यासाठी ‘पूना’ ही जुनी स्पेलिंग टाका.

या नोंदींत दफनाच्या वेळी वय असतं, अनेकदा मृत्यूचं कारणही, पण इंग्लंडमधलं गाव नसतं. ते लष्कराच्या कागदात शोधावं लागतं. आधी शिपाई कुणाचा होता ते ठरवा. कबरीवर पलटणीआधी ‘एच. एम.’ ही अक्षरं असतील तर तो राजसत्तेच्या पलटणीचा, त्याचे कागद क्यूला. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपियन पलटणीतला असेल तर ब्रिटिश लायब्ररीत.

राजसत्तेचा शिपाई पेन्शन घेऊन सुटला असेल, तर त्याच्या सुटकेच्या कागदावर जन्माची पॅरिश, भरतीच्या वेळचं वय आणि आधीचा धंदा असतो. हे कागद ‘डब्ल्यूओ 97’ मध्ये आहेत. नोकरीत असतानाच इथे मेलेल्याचा असा कागद नसतो, आणि त्याचं नाव त्या मालिकेत शोधण्यात वेळ घालवू नका. त्याच्यासाठी पलटणीच्या हजेरीवह्या काढा. तिमाहीच्या शेवटी कमी झालेल्या माणसांची यादी असते, तिच्यात कितीतरी वेळा जन्माचं गाव, पूर्वीचा धंदा आणि भरतीची तारीख मिळते. गाव मिळालं की टप्पा 4 प्रमाणे त्या पॅरिशमधले त्या नावाचे सगळे बाप्तिस्मे काढा. त्यातला जो पुढे त्याच गावात नांदताना किंवा पुरलेला दिसतो, तो तुमचा शिपाई नव्हे.